अण्णांनी राब विझवला

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मला घरात बसवत नाही. मुलं खिचडी खाऊन वाडीत पांगतात, मी कुलूप लावून डोंगर उतरते, खाली गावातल्या माझ्या खोलीशी येते आणि पाय धुवायच्या आधीच डोक्यात गाड्या सुरू होतात. बाराची एसटी गेली असेल तर नाक्यावरून टमटम, टमटमने कर्जत, तिथून पुण्याची गाडी नाहीतर खोपोली. कुठे जायचं असतंच असं नाही. कित्येकदा नुसती कर्जतला उतरते, पूल ओलांडून दहिवलीत चालत जाते, एक साबण आणि पेनाच्या दोन रिफिली घेते आणि परत येते. साबण गावातही मिळतो.

“बाई, तुमचा पाय काय घरात ठरत नाय,” असं माझी घरमालकीण म्हणते. साठीची आहे, तिला मी काकी म्हणते. घरात ती एकटीच. मुलगा रसायनीला कारखान्यात आहे, पाळीप्रमाणे येतो-जातो, आला की झोपतो. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्याकडे आहेत. तिचं बोलणं मी हसण्यावारी नेते, पण ते खोटं नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे, आणि ती मी हौसेने बांधून घेतलेली नाही.

मी साताऱ्याकडच्या माणदेशातली. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, मेंढरं आणि टँकर. अकरा वर्षांपूर्वी शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर हातात पडली ती इथली, कर्जत-खालापूरच्या शिवेवरची. डोंगरावरच्या आदिवासी वाडीत दोन शिक्षकांची शाळा. पहिल्या वर्षी मला मुलांची बोली कळत नव्हती आणि मुलांना माझी. पहिलीतली एक मुलगी माझ्याकडे बघून रोज हसायची. मी ‘न्हाई’ म्हणते म्हणून ती हसते, हे मला दिवाळीनंतर कळलं. नवरा नाही, मूल नाही. विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते आणि विषय बदलते. गावी आई होती तोवर आई आणि वडील, म्हणजे अण्णा; आई गेल्यावर एकटे अण्णा. म्हणून दरवर्षी मी बदलीचा अर्ज भरत आले. जिल्हा बदलून घराजवळ जायचं. दरवर्षी काकीला सांगायचं, यंदा मी जाणार. पहिली दोन-तीन वर्षं ती बिचारी हळहळली. एकदा तर तिने निरोपाची म्हणून साडी देऊन माझी ओटीही भरली. त्या वर्षीही यादीत माझं नाव आलं नाही, आणि ती साडी नेसून मी तिच्याच ओसरीवर चहा प्यायले. त्यानंतर तिने हळहळणं सोडलं.

जाणारच आहे म्हटल्यावर माणूस काही घेत नाही. अकरा वर्षांत मी कपाट घेतलं नाही. कपडे बॅगेत, पुस्तकं खोक्यात, बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची. काकी म्हणाली, भिंतींना रंग काढू या. मी म्हटलं, कशाला, यंदा जातेच आहे. आषाढात लावणीच्या आठवड्यात शाळा ओस पडते, वाडीतली मुलं आईबापांबरोबर खाचरात असतात. त्या आठवड्यात मी रजा टाकून हटकून गावी जायची. सगळं गाव गुडघाभर चिखलात असताना मी खोपोलीच्या स्टँडवर बॅग घेऊन उभी. ज्या मुलखात इतकी वर्षं काढली तिथला भात कसा लावतात, ते मी एसटीच्या खिडकीतूनच काय ते पाहिलं होतं.

आणि गावी जाऊन तरी काय? दोन दिवस बरं वाटायचं. भांडी घासून व्हायची, अंगण झाडून व्हायचं, शेजारणी भेटून जायच्या, आणि तिसऱ्या दिवशी मला त्या घरात गुदमरायला व्हायचं. तिथे असले की वाडीतल्या शाळेचं गळकं छप्पर आठवायचं, इथे असले की अण्णांच्या गोळ्या. माझा मलाच राग यायचा. तो राग मी प्रवासात काढायची. कंडक्टरशी भांडण उकरून काढणं ही माझी खास कला होती, आणि तिच्यात मी चांगलीच तयार झाले होते.

माझा भाऊ बंगळुरात असतो. एकदा तो बायकोमुलांना घेऊन गाडीने माझ्याकडे आला. वाटेत त्याने दोन्ही बाजूंची फार्महाउसं पाहिली, पोहण्याचे निळे तलाव पाहिले, कमानी पाहिल्या, आणि माझ्या दारात उतरून म्हणाला, “अगं, तू तर रिसॉर्टमध्येच राहतेस की.” मग त्याने माझी खोली पाहिली. वहिनीने न्हाणीघर पाहिलं. मुलांनी फोन वर धरून अंगणभर रेंज शोधली. संध्याकाळी पलीकडच्या बंगल्यात शनिवारची मंडळी उतरली, त्यांनी मोठ्याने गाणी लावली, तेव्हा मुलं खूश झाली. बाकी कोणी झालं नाही. रविवारी सकाळी ते माथेरान बघून येतो म्हणून निघाले आणि तिकडूनच घरी गेले. गाडीत बसताना भाऊ म्हणाला, “अण्णांना तूच जवळ आहेस.” नकाशावर बघून म्हणाला असेल. माझ्या दारापासून अण्णांच्या दारापर्यंत चार गाड्या बदलाव्या लागतात आणि अख्खा दिवस जातो.

मागच्या दिवाळीच्या आधी अण्णा अंगणात पडले. पाय घसरला, कमरेत चमक भरली, उठता येईना. सकाळी पडले ते दुपारी शेळ्या हाकत जाणाऱ्या एका बाईला दिसेपर्यंत तिथेच होते. हाड मोडलं नव्हतं. मी पोचले तेव्हा खाटेवर बसून मलाच म्हणाले, “एवढ्यासाठी कशाला आलीस?” पण माझ्या डोक्यातून ती सकाळ जाईना. ते उन्हात पडून होते त्या वेळी मी फळ्यावर पाढे लिहीत होते, हे मी तासांचा हिशेब लावून काढलं होतं. बदलीची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. मी जाऊ शकत नाही, तर त्यांनाच इकडे आणायचं आणि आणल्यावर परत जाऊ द्यायचं नाही. दुसरं काही सुचतच नव्हतं.

ते येईनात. दिवाळी, संक्रांत, शिमगा, तीन वेळा गेले आणि तीन वेळा एकटीच परतले. शेवटी चैत्रात निघाले ते एका बोलीवर: पंधरा दिवस राहणार, अक्षय तृतीयेला घरी सोडायचं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

पुण्याहून गाडी घाट उतरताना ठाकूरवाडीला मध्येच थांबते, ब्रेक तपासायला. तिथे आम्हाला उतरायचं कारणच नव्हतं. अण्णा मात्र पिशवी सावरत उठले.

“इथं नाही, अण्णा.”

“मग थांबली कशाला?”

मी सांगितलं. ते बसले, खिडकीतून उतारावरचं रान बघत राहिले आणि म्हणाले, “एवढी झाडं हायती, आन् तू म्हंतीस तुमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. कमाल हाय.”

गावात आल्यावर त्यांनाही घरात बसवेना. पहाटे उठून शिवारात दोन फेऱ्या मारायचे, मग काकीच्या म्हशींना नावं ठेवायचे. इथली माती त्यांना पटली नाही. तांदळाची भाकरी हातात धरून म्हणाले, “ही भाकरी न्हाई, पापड हाय.” काकीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाड भाकरी करून आणून दिली. रोज सकाळी मी डबा भरत असताना ते विचारायचे, किती दिवस ऱ्हायले? मी खोटं सांगायची, एखादा दिवस वाढवून. ते बोटांवर मोजून दुरुस्त करायचे.

सहाव्या-सातव्या दिवशी काकीने राब पेटवला. भाताचं बी ज्या तुकड्यात पेरायचं तो तुकडा इथे आधी भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. माघापासून माणसं झाडांच्या फांद्या तोडून वाळवत ठेवतात. मग जमिनीवर शेणाचा थर, त्यावर त्या फांद्या, वर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर मातीचा हलका थर, आणि वारा पडलेला बघून एका कडेने विस्तव. तो भडकायचा नाही, धुमसत पुढे सरकायचा. याने तणाचं बी जळतं, माती मऊ होते आणि लावणीच्या वेळी रोप सहज उपटून येतं. काकीचे असे तीन वाफे घरामागेच होते. त्यांचं शेण ती दिवाळीपासून साठवत होती.

माणदेशात शेणखताची पाटी माणूस जपून नेतो. चुलीत गोवरी जळते, पण शेतात शेण कोणी जाळत नाही. चैत्रात शिवारात धूर दिसला तर त्याचा तिथे एकच अर्थ होतो: कुणाची तरी कडब्याची गंजी पेटली, आणि बहुतेक वेळा ती भावकीतल्याच कुणीतरी पेटवली. अण्णांनी उभ्या आयुष्यात अशा गंज्या विझवल्या होत्या. एक आमचीही होती.

मी त्या वेळी वर शाळेत होते. काकीने विस्तव घातला, नीट सरकतोय असं बघितलं आणि म्हशींची धार काढायला घरी आली. अण्णा फेरीवरून परत येत होते. त्यांना धूर दिसला. जवळ जाऊन बघतात तर शेतात शेण जळतंय, आणि आसपास माणूस नाही. त्यांनी हाका मारल्या, पण त्या गोठ्यापर्यंत पोचल्या नाहीत. मग काकीच्या घरामागे पाण्याची दोन पिंपं होती ती त्यांना दिसली. एक दिवसाआड येणाऱ्या टँकरचं प्यायचं पाणी होतं ते. दुखऱ्या कमरेचा माणूस. त्याने ती दोन्ही पिंपं बादलीबादलीने रिकामी केली. दोन वाफे भिजवले, फावड्याने थर उसकटले, फांद्या ओढून बाहेर टाकल्या. तिसरा वाफा तेवढा आधीच भाजून झाला होता म्हणून वाचला.

काकी दुधाची चरवी घेऊन मागच्या दाराने बाहेर आली, तर अण्णा काळ्या राडीत उभे, धोतर गुडघ्यावर, तोंड काजळीने माखलेलं. तिला बघून म्हणाले, “भिऊ नगंस बाई. वाचलं तुझं शेत.”

दुपारी मी आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. “बाई, तुमच्या बाबांनी माजा राब इजवला,” ती म्हणाली. “आन् पियाचं पानीबी वतलं सगळं. आता मी भात कशात पेरू?” ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत मी तिला कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

अण्णा आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी राब म्हणजे काय ते सांगितलं. मलाही ते पूर्ण माहीत नव्हतं, जेवढं ऐकून होते तेवढं सांगितलं.

“शेतात शेण जाळत्यात?”

“हो.”

“आन् माती मरत न्हाई?”

“नाही मरत, अण्णा. इथं असंच करतात.”

मग ते पाण्याबद्दल विचारायला लागले. पुढचा टँकर कधी, तोवर ती काय करणार, म्हशींचं काय. टँकरच्या गावात जन्म काढलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरचं प्यायचं पाणी चिखलात ओतलं होतं. त्यांना राबापेक्षा पाण्याची लाज जास्त वाटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मी आणून दिलेलं पाणीसुद्धा अर्धा तांब्या परत दिलं.

राब पुन्हा पेटेना. काकीच्या मुलाने पाळीवरून आल्यावर करून बघितलं, नुसता धूर झाला. नवीन थर घालायला वाळलेल्या फांद्या उरल्या नव्हत्या. तसंच पेरलं तर रोपाबरोबर तण उगवणार आणि तण रोपाला खाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा टोपी घालून काकीच्या ओसरीवर गेले.

“बाई, चूक झाली. त्या दोन वाफ्यांतलं तण मी काढतो. लावणीपातूर एक काडी ऱ्हाऊ देणार न्हाई.”

“लावनी? बाबा, आषाढ उजाडंल.”

“उजाडू दे.”

मी खोलीत बसून ऐकत होते. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला, आणि तो दिसू नये म्हणून मी कांदा चिरायला घेतला. ज्या माणसाला मी विनवण्या करून पंधरा दिवसांवर आणलं होतं, त्याने स्वतःहून तीन महिने मुक्काम वाढवला होता. काकीचं नुकसान माझ्या पथ्यावर पडलं, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला ते कळलेलं असणारच.

अक्षय तृतीया गेली. त्या दिवशी त्यांनी कितवा दिवस म्हणून विचारलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि माझी नेहमीची तगमग सुरू झाली. सुट्टीत मी तीनदा गावी जाऊन अण्णांचं रिकामं घर झाडून आले. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं तिकडे धावत होते ते माझ्या खोलीत बसलेले, आणि मी त्यांच्या घराला कुलूप नीट आहे ना बघायला चार गाड्या बदलून जातेय. तिसऱ्या खेपेला परत येताना मलाच हसू आलं. अण्णांनी विचारलंही नाही का गेलीस म्हणून. फक्त म्हणाले, “दमत न्हाईस गं तू?”

पेरणी झाली, रोप वर आलं, आणि ठरल्याप्रमाणे तणही आलं. अण्णा डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बांधावर गोणपाटावर बसायचे आणि वाफ्यात वाकून एकेक काडी उपटायचे. पहिले दोन दिवस त्यांनी तण समजून भातच उपटला. जन्मात भात न पेरलेला माणूस; दोन्ही पाती हिरव्या, दोन्ही सारख्याच. काकीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग शेजारी बसून तिने दाखवलं, “ह्ये बगा बाबा, भाताच्या पातीला हितं सांद्याशी बारीक कान असत्यात. तनाला नसत्यात. कान बगायचा, मंग उपटायचं.” तेव्हापासून अण्णा प्रत्येक काडीचा कान बघायला लागले. चष्मा नाकावर उतरवून, काडी दोन बोटांत धरून. महिनाभरात त्या दोन वाफ्यांतलं रोप तिसऱ्याच्या बरोबरीला आलं नाही, पण जगलं. काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माज्याकडं साताऱ्याचा मानूस हाय तन काडायला.” ते दोघं दिवसभर एकमेकांच्या शेतीला नावं ठेवायचे. शाळेतून उतरताना मला त्यांचा आवाज वळणावरूनच ऐकू यायचा. संध्याकाळी ते तांदळाची भाकरी मागून घ्यायचे, पातळच करा म्हणायचे.

आषाढ लागला, लावणीचा दिवस गुरुवार ठरला. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी कर्जतला शिक्षकांच्या बैठकीला गेले होते, तिथे फोनवर बदलीची यादी आली. यादीत माझं नाव होतं. शाळा अण्णांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढच्या शनिवारी इथून मोकळं व्हायचं होतं. आजूबाजूच्या बाया माझा हात धरून अभिनंदन करत होत्या, एकीच्या तर डोळ्यांत पाणी होतं, कारण तिचं नाव नव्हतं. नकार दिला की पुन्हा लवकर नंबर लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. नकार द्यायचा विचार तेव्हा माझ्या मनातही नव्हता.

तरी मी घरी गेले नाही. पूल ओलांडून दहिवलीत गेले, दुकानांवरून नुसती चालत राहिले, परत स्टेशनात आले, समोर खोपोलीची लोकल लागली होती तिच्यात बसले. खोपोलीला उतरून चहा घेतला आणि त्याच गाडीने परत आले. ज्या बदलीसाठी अकरा वर्षं देवाला नवस बोलले ती झाली होती, आणि मी गाडीत बसून इकडून तिकडे फिरत होते. बातमी सांगायला घरी माणूस होता, पण ती मला सांगवत नव्हती. शनिवारही तसाच गेला. त्या शनिवारी मी कुठे गेले नाही, तर काकीने येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी दुपारी अण्णा जेवायला बसले तेव्हा सांगितलं. कुठली शाळा ते सांगितलं, किती जवळ ते सांगितलं. आता दुपारी घरी येऊन तुम्हाला ताजं जेवण वाढीन म्हणाले. मी एकटीच बोलत होते.

“कधी जायचं म्हंतीस?”

“शनिवारी.”

“गुरुवारी लावणी हाय. दोन-चार दिस चालंल. ती झाल्याबिगर मी हलत न्हाई. तू जा.”

“आणि तुम्ही?”

“मी हाय की हितं.”

माझा तोल गेला. मी म्हटलं, काकीच्या रोपाची काळजी आहे, माझी नाही. अकरा वर्षं मी तुमच्यासाठी अर्ज भरतेय. तुम्ही अंगणात पडून होतात तेव्हापासून मला धड झोप नाही. आणि आता ते मिळालंय तर तुम्ही म्हणता, तू जा.

अण्णांनी घास खाली ठेवला. “माझ्यासाठी? मी कवा म्हणलो?”

त्यांनी खरंच कधी म्हटलं नव्हतं.

“रागावू नगंस,” ते म्हणाले. “तू गावी येतीस. दोन दिस बरी असतीस, तिसऱ्या दिशी गाडीची येळ बघतीस. मला वाटायचं, नोकरीच्या गावाची वढ हाय. म्हणून मी हितं येत नव्हतो. म्हणलं, पोरीचं तितं बस्तान बसलंय, मधी माझी अडचण नगं. हितं आलो तर बघतो, भिताडाला खिळा न्हाई. शनवार आला की तू हितनंबी पळतीस. तीन म्हैनं झालं, तू मला ऱ्हावा ऱ्हावा म्हंतीस. मी तुझ्यापाशी ऱ्हाईन गं. पर तू कुठं ऱ्हातीस, ते सांग मला आदी.”

ते चिडून बोलत नव्हते. ऐंशीला आलेला माणूस, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“हितं,” मी म्हटलं. शाळेत पोरं माझ्या ज्या बोलीला हसायची तीच तोंडातून निघाली.

“कवापासनं?”

अकरा वर्षं, असं म्हणता आलं असतं. हजेरीपटावर तसंच आहे. बाहेर काकी फोनवर कुणाला तरी सांगत होती, गुरुवारला आठ मानसं व्हतील, बाबा धरून. आठांत मी नव्हते. मला कोणी धरलंच नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

“आजपासनं,” मी म्हटलं. “उद्या कर्जतला जाऊन नको म्हणून लिहून देते. आणि गुरुवारी मीही येते लावणीला.”

अण्णांनी खाली ठेवलेला घास उचलला. भात संपवला, ताटात हात धुतला, टॉवेलने नीट पुसला आणि भिंतीला टेकून बसले. “पुढच्या खेपंला गावी जाशील,” ते म्हणाले, “तवा माझी घोंगडी घिऊन ये. हितली थंडी वल्ली हाय, चादरीनं भागत न्हाई.”

“आणते,” मी म्हटलं आणि ताटं उचलून मोरीवर गेले. तिथे मला रडू आवरेना. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी भांडी जरा जोरातच घासली.